मुक्कामी वाढदिवस: सातवी-आठवीतल्या मुलींच्या स्लीपओव्हरची तयारी, क्रमाने

सातवी-आठवीतल्या मुलींना वाढदिवसाला मैत्रिणी दोन तासांसाठी नको असतात, राहायलाच हव्या असतात. घरचे हो म्हणतात आणि पुढचा आठवडा फुगे, केक, भिंतीवरची सजावट आणि रिटर्न गिफ्ट यांच्यामागे जातो. शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ सगळं छान पार पडतं. फसतं ते रात्री दहानंतर. गाद्या पुरत नाहीत, दोघी रुसतात, एकीला घरची आठवण येते, खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बेल वाजवतात आणि पहाटे तीनला स्वयंपाकघरात मॅगी शिजत असते.

पुण्यातल्या आमच्या टू बीएचकेमध्ये असे तीन वाढदिवस झाले, तिन्ही जानेवारीत. पहिला बिघडला. रात्री दीड वाजता एक मुलगी बाथरूमची कडी लावून आईशी फोनवर बोलत रडत होती, आणि मला त्याचा पत्ता लागला तो तिचे बाबा गेटवर पोचल्यावर, वॉचमनने इंटरकॉम केल्यावर. मी आतल्या खोलीत गाढ झोपले होते. त्या बाबांसमोर उभं राहताना मला जे वाटलं ते दुसऱ्या कुणाला वाटू नये म्हणून हे लिहितेय. त्यानंतर मी तयारीचा क्रम उलटा केला. आधी रात्र आणि सकाळ ठरवायची, संध्याकाळ सगळ्यात शेवटी. खालचे आकडे सहा मुली (वाढदिवसाची धरून) आणि घरची चार माणसं यांचे आहेत.

टप्पा १: घरातल्यांशी बोलणं, तारीख, संख्या (तीन आठवडे आधी)

आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. हॉलमध्ये सहा मुली झोपणार म्हणजे आजोबांचा सकाळी सहाचा चहा आणि पेपर दुसरीकडे हलवावा लागतो. आजींना रात्री दोनदा उठावं लागत असेल तर त्यांची वाट गाद्यांवरून जाता कामा नये. मोठा भाऊ असेल तर तो त्या रात्री कुठे झोपणार हे आत्ताच ठरवा. आमच्याकडे दादा आत्याकडे राहायला जातो. घरात त्या रात्री कोण कोण असणार हे इतर मुलींच्या आईवडिलांना सांगायचं आहे, त्यामुळे ऐनवेळी मुक्कामाला येणारा पाहुणाही नको.

दिवस शनिवारच. वाढदिवस बुधवारी असला तर बुधवारी औक्षण आणि घरच्यांपुरता केक, मैत्रिणी शनिवारी. शाळेचं कॅलेंडर काढून घटक चाचणी बघा, सोमवारी पेपर असेल तर मुली येतील पण त्यांच्या आया मनातून नाराज असतील. कालनिर्णयवर एकादशी, संकष्टी बघून घ्या, कारण या वयात काही मुली हौसेने उपास धरतात आणि ते तुम्हाला पावभाजी ताटात वाढल्यावर कळतं.

संख्या सम ठेवा. तिघी असल्या की दोघींचं जमतं आणि तिसरी एकटी पडते. आठ झाल्या की दोन गट पडतात आणि रात्री अकराला कोण कोणाला काय म्हणालं याचा निवाडा तुम्हाला करावा लागतो. पहिल्यांदा करत असाल तर चारच. सरावल्यावर सहा. एक हॉल आणि एक मोकळं बाथरूम एवढ्यात सहाच्या वर जाऊ नका, लेक कितीही मागे लागली तरी.

वर्गातल्या मुलग्यांनाही बोलवायचं असेल तर संध्याकाळ सगळ्यांची आणि साडेनऊला मुलगे घरी, असं मी करते आणि निमंत्रणातच तसं लिहिते. यात अविश्वास नाही. सगळ्या घरांना न अवघडता हो म्हणता येतं.

तपासा: रात्रभर जबाबदारी घेणारी मोठी माणसं दोन आहेत ना? एकट्याने करू नका. एकीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर उरलेल्या पाच जणींजवळ कुणीतरी हवं.

टप्पा २: निमंत्रण पालकांना, एकेकाला (दोन आठवडे आधी)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लेक शाळेत सांगून मोकळी होते, मुली घरी जाऊन हट्ट धरतात आणि आईवडिलांना सगळं अर्धवट कळतं. नाहीतर आपणच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि न बोलावलेल्या वीस मुलींच्या घरात ते वाचलं जातं. निमंत्रण वेगवेगळं पाठवा आणि पाठवल्यावर फोन करा. ज्यांच्या घरी आपण कधी गेलो नाही त्यांना एकदा भेटून या. आपली मुलगी रात्रभर कुणाकडे ठेवायची तर घर बघावंसं वाटणारच.

मी पाठवते तो मजकूर साधारण असा:

«नमस्कार, मी ____ची आई. शनिवारी तिचा वाढदिवस आहे. तिला धरून एकूण सहा मुली आमच्याकडे राहणार आहेत. शनिवारी संध्याकाळी ६ वाजता सोडायचं आणि रविवारी सकाळी १०:३० ला न्यायचं. घरी मी, तिचे बाबा आणि आजी-आजोबा असू. मुली हॉलमध्ये झोपतील, मी शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून. रात्री ११ नंतर फोन माझ्याकडे जमा राहतील, पण तुमच्याशी बोलायचं असेल तर मुलीला तिचा फोन कधीही मिळेल. तिला राहायचं नसेल तर ९:३० ला जेवून घरी गेली तरी चालेल. मी तुम्हाला उद्या फोन करते.»

न्यायची वेळ लिहायला विसरू नका. ती नसली की शेवटची मुलगी दुपारी दीडला जाते.

शेवटून दुसरं वाक्यही वगळू नका. रात्री राहायला न मिळणारी एखादी मुलगी प्रत्येक वर्गात असते. घरी चालत नाही, किंवा तिलाच धीर होत नाही. तिला अर्ध्या कार्यक्रमाला यायचा मान राखून येता आलं पाहिजे.

फोनवर विचारायच्या गोष्टी चारच आहेत, पण चारही विचाराच. खाण्यातलं काय चालत नाही: शाकाहारी, जैन, अंड्याशिवायचा केक, आणि शेंगदाणे, काजू किंवा दुधाची ॲलर्जी. रोजचं औषध किंवा दम्याचा पंप आहे का. झोपेत चालणं, दचकून उठणं, अंधाराची भीती असं काही आहे का. आणि रात्री दोनला फोन करावा लागला तर कोणत्या नंबरवर करायचा आणि न्यायला कोण येईल. उत्तरं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, पण आतल्या बाजूला घडी घालून. एकीच्या भीतीची गोष्ट बाकीच्यांनी वाचायला नको.

सावधान: आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी देऊ नका, डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा.

टप्पा ३: गाद्या घालून बघणं (एक आठवडा आधी)

डोळ्यांनी अंदाज बांधू नका, प्रत्यक्ष गाद्या घाला. आमचा हॉल दहा बाय पंधरा फूट. एकेरी गादी तीन बाय सहा. टीपॉय आणि एक खुर्ची गॅलरीत, सोफा भिंतीला, असं करूनही पहिल्या वर्षी सहा गाद्या बसेनात, कारण आम्ही सगळ्या एका रांगेत लावायला बघत होतो. आता तीन-तीनच्या दोन रांगा, उशा मधोमध समोरासमोर. बारा बाय नऊ फुटांत सहा जणी मावतात आणि लांबीच्या बाजूला तीन फूट उरतात. बाथरूमकडे जायची वाट तिथून. सोफा बसत नसेल तर तोही एका रात्रीपुरता आतल्या खोलीत हलवा. सहाही डोकी मध्ये आली की कुणी कडेला पडत नाही आणि कुजबुज कुजबुजीतच राहते. पाय मध्ये आणि डोकी दोन टोकांना असली तर मुली एकमेकींना हाका मारत बोलतात. हा एवढा बदल केला आणि रात्रीचा निम्मा गोंगाट गेला.

जानेवारीत फरशी गार पडते. खाली सतरंजी, वर गादी, अंगावर गोधडी किंवा ब्लँकेट प्रत्येकीला वेगळं. दोघींत एक दिलंत तर ओढाओढ ठरलेली. गाद्या कमी असतील तर शेजारून आणा किंवा मुलींना आपापलं पांघरूण आणि उशी आणायला सांगा. स्वतःच्या उशीवर झोप लवकर लागते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत डासांचं बघा. संध्याकाळी पाचलाच खिडक्या बंद, मशीन चालू.

कोण कुठे झोपणार याच्या चिठ्ठ्या टाका. हे मुलींवर सोडलंत तर 'मी तिच्या शेजारी' यावरून रात्र बिघडते. चिठ्ठीशी कुणी भांडत नाही.

तपासा: दिवा बंद करून स्वतः गादीपासून बाथरूमपर्यंत चालून बघा. पाय कशाला लागतो? वाटेवर एक छोटा रात्रीचा दिवा लावा. गॅलरीच्या आणि गच्चीच्या दाराच्या किल्ल्या तुमच्याकडे असू द्या.

टप्पा ४: बाथरूम

यावर बोलायला लोक लाजतात आणि म्हणून इथेच मुलींची पंचाईत होते. बारा-तेरा वर्षांच्या मुली आहेत, कुणाची पाळी त्या रात्री येऊ शकते, कुणाची पहिल्यांदाच. बाथरूमच्या फळीवर एका टोपलीत सॅनिटरी पॅड, गुंडाळायला वर्तमानपत्राचे तुकडे, एक-दोन नव्या अंडरवेअर आणि एक गडद रंगाची पायजमा-पँट ठेवा. खाली झाकणाची कचरापेटी. मुली आल्या आल्या सगळ्यांना एकदमच सांगा: «टोपलीतलं काहीही लागलं तर घ्या, विचारायचं नाही. चादरीला डाग पडला तरी काही बिघडत नाही, मला नुसतं सांगा.» एकीला बाजूला घेऊन सांगू नका.

बाथरूमची कडी नीट लागते ना, बाहेरून नाण्याने उघडता येते ना, हे बघा. पंधरा लिटरच्या गीझरमध्ये सहा आंघोळी एकापाठोपाठ होत नाहीत, त्यामुळे आंघोळ घरी जाऊन, असं आधीच सांगून टाका. दात घासायला आणि तोंड धुवायला गरम पाणी पुरतं.

टप्पा ५: खाणं, पोट भरेल असं आणि दुपारीच होईल असं

चुका दोन प्रकारच्या होतात. एक, सगळं बाहेरून मागवायचं आणि साडेआठला डिलिव्हरीवाला वाट चुकलेला. दुसरी, आईने सहा पदार्थ करायचे आणि मुली आल्या तरी तिने कढईसमोरच उभं राहायचं. रात्री जागं राहायचं आहे, अंगात त्राण उरलं पाहिजे.

मी पावभाजी करते. दहा माणसांना सव्वा किलो बटाटे, अर्धा किलो फ्लॉवर, पाव किलो मटार, पाव किलो ढोबळी मिरची, किलोभर टोमॅटो, अर्धा किलो कांदे. पाव तीन डझन. मुली चार-चार खातात, खाणार नाही म्हणणारीसुद्धा. भाजी दुपारी चारला तयार, रात्री फक्त गरम करायची आणि पाव भाजायचे. जैन मुलगी असेल तर बटाटा, कांदा, लसूण, आलं न घालता कच्च्या केळ्याची वेगळी भाजी, वेगळ्या कढईत आणि वेगळ्या डावाने. तिच्यासमोर तो डाव दुसऱ्या भांड्यात बुडवू नका, तिचं लक्ष असतं.

संध्याकाळी सहाला आल्या आल्या भेळ. भेळ मुलींनाच कालवायला द्या: कुरमुरे, फरसाण, शेव, चिंचेची चटणी, कोथिंबीर सगळं वाट्यांमध्ये मांडून ठेवा. पहिली पंधरा मिनिटं अवघडलेली असतात, हातांना काम मिळालं की तोंडं उघडतात.

केक दहा जणांना एक किलो पुरतो. रात्री साडेअकरासाठी एक हलका खाऊ राखून ठेवा: पॉपकॉर्न, चिक्की, कापलेले पेरू. कोल्ड्रिंक आणि कॉफी नऊनंतर बंद. ॲलर्जी विचारली नसेल तर चिक्की आणि भेळेतले शेंगदाणे बाहेर काढण्याआधी आत्ता विचारा.

टप्पा ६: सोसायटी

वॉचमनला दोन्ही दिवसांची नावांची यादी द्या, गेटचं ॲप असेल तर पाहुण्यांची नोंद आधीच करा. रात्री कुणाचे आईवडील आले तर त्यांना लगेच वर सोडायचं, हे वॉचमनला तोंडी सांगा. रात्रपाळीला दुसरा माणूस येतो, त्यालाही सांगा. आमची चूक तिथेच झाली होती. दिवसाच्या वॉचमनला माहीत होतं, रात्रीच्या नाही.

खालच्या आणि शेजारच्या घरी स्वतः जाऊन सांगून या आणि आपला नंबर द्या. दहानंतर स्पीकर बंद. रात्री दहा ते सकाळी सहा हा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतला रात्रीचा काळ आहे आणि सोसायटीतली भांडणं याच वेळेवरून होतात. नाचायचं ते साडेनऊच्या आत.

टप्पा ७: संध्याकाळ सहा ते दहा

इथे फार आखू नका. मुलींना एकमेकींबरोबर वेळ हवा असतो. दर वीस मिनिटांनी नवा खेळ घेणारी आई त्यांना नको असते. भेळ, मग एक मोठा खेळ (दमशराज किंवा गाण्याच्या भेंड्या), मग नाच, साडेसातला औक्षण आणि केक, साडेआठला जेवण.

औक्षण मैत्रिणींसमोर करायचं की नाही हे लेकीला विचारा. माझी दुसऱ्या वर्षी नको म्हणाली, म्हणून आजीने मुली यायच्या आधी पाचलाच पाट मांडून ओवाळलं. तिसऱ्या वर्षी तिने स्वतःच सगळ्यांसमोर करायला सांगितलं, आणि आजीने तिला ओवाळून झाल्यावर बाकीच्या पाच जणींनाही कुंकू लावून हातावर पेढा ठेवला. बळजबरी केली असती तर तो पेढा पुढल्या वर्षीही मिळाला नसता.

सावधान, यात तडजोड नको: स्नो स्प्रे घरात आणू देऊ नका. त्या डब्यातला वायू पेट घेतो आणि केकवरची मेणबत्ती अर्ध्या हातावर असते. केसांजवळ ठिणग्या उडवणारी फवारा-मेणबत्तीही नको. फुगेवाल्याकडचे वर जाणारे फुगे हायड्रोजनचे असू शकतात, तेही ज्योतीजवळ नकोत. केक तोंडाला फासणं एका बोटापुरतं, डोळ्यांत जाईल असं नाही. आणि 'बर्थडे बम्प्स' म्हणून पाठीत, कमरेवर लाथा मारायची पद्धत तुमच्या घरात बंद. केक कापण्याआधीच, सगळ्या ऐकत असताना, सांगा. केक कापल्यावर सांगायला उशीर झालेला असतो.

जेवण झाल्यावर, नऊच्या सुमाराला, प्रत्येकीने घरी एक फोन करायचा. हा फोन झोपायच्या वेळी करायला लावू नका. अंथरुणात बसून आईचा आवाज ऐकला की भरून येतं. नऊला केला तर त्यापुढे सिनेमा असतो, हसणं असतं, आणि तो आवाज मनात शांतपणे राहतो.

टप्पा ८: रात्री दहा ते साडेबारा

आता खरं काम. दहाच्या ठोक्याला सगळ्यांनी रात्रीचे कपडे घालायचे आणि दात घासायचे. हे सिनेमाच्या आधी. सिनेमा संपल्यावर सहा जणींना दात घासायला उठवणं म्हणजे सगळ्यांची झोप मोडणं.

सिनेमा आधी ठरवून, तुम्ही बघितलेला, दीड तासाच्या आतला. रात्री दहाला 'काय बघायचं' यावर चर्चा सुरू झाली की अकरा वाजतात. सर्टिफिकेट बघा: आता यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे वेगवेगळे दर्जे दिलेले असतात, आणि सातवीतल्या बऱ्याच मुली अजून बारा वर्षांच्या असतात. टीव्हीवर तुमचं खातं मुलांच्या प्रोफाइलला लावा, आपल्या प्रोफाइलला नको.

अकराला फोन जमा. मी स्टीलचा मोठा डबा फिरवते, प्रत्येकीच्या फोनला नावाची चिकटपट्टी, आणि सगळे माझ्या खोलीत चार्जिंगला. याचं कारण मुलींना स्पष्ट सांगा: रात्रीच्या कपड्यांत, झोपेत तोंड उघडं असलेले फोटो कुणी काढायचे नाहीत आणि कुणी स्टेटसला टाकायचे नाहीत. मुलींना हे लगेच पटतं, कारण प्रत्येकीला आपला तसा फोटो फिरण्याची धास्ती असते. संध्याकाळचे फोटोसुद्धा आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नका, तुम्हीही नाही. आणि नियमाची दुसरी बाजू तेवढ्याच ठामपणे पाळा. एखादीने रात्री कितीही वाजता फोन मागितला तर कारण न विचारता द्यायचा.

सिनेमा संपला की साडेबारापर्यंत पत्ते. झब्बू, बदाम सात, नॉट ॲट होम: बसून, हळू आवाजात खेळता येतात आणि जांभया यायला लागतात. याच वेळी 'ट्रुथ अँड डेअर' निघतं. ते बंद करायला जाऊ नका, चोरून खेळतील. आधी तीन अटी घाला. डेअर हॉलच्या बाहेर जाणार नाही आणि त्यात कुणाला फोन नाही. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, काही विचित्र खायला लावायचं नाही. आणि प्रत्येकीला तीनदा 'पास' म्हणता येईल, त्यावर हसायचं नाही.

सावधान: वाटी उपडी घालून प्लँचेट करायची टूम दरवर्षी निघते. नाही म्हणा. भुताच्या गोष्टी बाराच्या आत आणि दिवा लावून. एक मुलगी घाबरली की ती एकटीच जागी राहत नाही, सगळ्या जाग्या राहतात.

साडेबाराला दिवे बंद. या वयाला निदान आठ-नऊ तास झोप लागते. साडेबाराला निजून साडेआठला उठल्या तर जेमतेम आठ होतात. 'आज काय, जागा रात्रभर' असं म्हणणारे आईवडील रविवारी संध्याकाळी चिडचिडी, डोकं दुखणारी मुलगी सांभाळत नाहीत, ते काम दुसऱ्या पाच घरांवर पडतं. दिवे बंद म्हणजे लगेच झोप नव्हे, अर्धा तास कुजबुज चालू द्या. रात्रीतला सगळ्यात गोड भाग तोच असतो, त्यात डोकावू नका.

तपासा, स्वतः झोपायच्या आधी: गॅसचा कॉक बंद. मुख्य दाराला आतून कुलूप आणि किल्ली तुमच्या उशाशी. गॅलरी बंद. हॉलमध्ये पाण्याच्या बाटल्या. दम्याचा पंप त्या मुलीच्या हाताशी, कपाटात नाही. तुमचा फोन आवाज चालू ठेवून. अॅम्ब्युलन्ससाठी १०८, इतर तातडीसाठी ११२, हे नंबर दुसऱ्या मोठ्या माणसालाही माहीत हवेत.

टप्पा ९: 'काकू, मला घरी जायचंय'

हे होणार असं धरूनच चला. पहिल्या वर्षी मी धरलं नव्हतं.

मुली झोपायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवा: «रात्री काहीही वाटलं तर माझं दार उघडं आहे. काकू म्हणून हाक मारायची, मी चिडणार नाही.» कुणी आलीच तर हॉलमध्ये बोलू नका, तिला स्वयंपाकघरात न्या. 'एवढी मोठी झालीस', 'सगळ्या झोपल्यात बघ' ही दोन्ही वाक्यं गिळून टाका. विचारा: «घरी जायचंय, की थोडा वेळ माझ्याजवळ बसायचंय?» बसायचं म्हणाली तर हाताला काही काम द्या.

दुसऱ्या वर्षी तीच मुलगी परत आली होती, जी पहिल्या वर्षी रात्री घरी गेली. पाऊण वाजता दारात उभी राहिली. मी सकाळच्या पोह्यांसाठी मटार काढून ठेवले होते. ती ओट्याशी स्टुलावर बसली आणि शेंगा सोलायला लागली, एक अक्षर न बोलता. वाटी भरत आली तसं तिने शाळेच्या बसमधलं काहीतरी सांगायला सुरुवात केली, मध्येच जांभई दिली. शेवटच्या पाच-सहा शेंगा तशाच ठेवून म्हणाली, «काकू, मी जाते झोपायला.»

वीस-पंचवीस मिनिटांनीही घरीच जायचं म्हणाली तर तिच्या आईवडिलांना तुम्ही फोन करा, तिला करायला लावू नका. ते येईपर्यंत तिच्याबरोबर खाली थांबा. सकाळी बाकीच्यांना एवढंच सांगा: «ती घरी झोपायला गेली, नाश्त्याला येतेय.» आणि तिला खरंच नाश्त्याला बोलवा. बहुतेक येते, आणि ती आली की रात्रीची गोष्ट तिथेच संपते.

दोघींचं भांडण झालं तर रात्री न्याय करायला बसू नका. एकीला पाणी द्यायच्या निमित्ताने उठवा, दुसऱ्या टोकाची गादी द्या. सकाळी पोट भरल्यावर त्यांचं त्या बघतात.

टप्पा १०: सकाळ

आठपर्यंत हॉलमध्ये कुणी जायचं नाही, कामवाल्या मावशींना उशिरा यायला सांगा, दूधवाल्याला बेल वाजवू नको म्हणून. साडेआठला पडदे उघडा. उठल्या उठल्या पाणी आणि दूध, नाश्ता साडेनऊला. पोह्यांना पाऊण किलो जाडे पोहे दहा जणांना होतात. कांदे-मटार रात्रीच तयार, पोहे मात्र आयत्या वेळी भिजवा, आधी भिजवून ठेवलेत तर गोळा होतो. शेंगदाणे वेगळ्या कढईत, वेगळ्या झाऱ्याने तळून वाटीत ठेवा म्हणजे ॲलर्जी असलेलीलाही बाकीच्यांचेच पोहे चालतील, पण त्या तेलात बाकी काही करू नका.

फोन नाश्त्यानंतर परत द्या. आधी दिले तर पोहे गार होतात. आपापली चादर आपापण घडी घालायची, हे मुली आनंदाने करतात, फक्त सांगावं लागतं. न्यायला आलेल्या प्रत्येक आईला किंवा बाबांना दोन वाक्यांत खरं सांगा: किती वाजता झोपली, काय खाल्लं, रात्री उठली असेल तर तेही. कुणी पडली, खरचटलं असेल तर ते आपल्याकडून आधी कळलं पाहिजे, मुलीकडून नंतर नव्हे.

आणि कचऱ्याची पिशवी साडेदहापर्यंत दाराबाहेर ठेवू नका. या वयात दातांच्या तारा काढलेल्या मुली रिटेनर (दात जागेवर ठेवणारी, काढता-घालता येणारी पट्टी) घालतात, खाताना काढतात आणि टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात. ताटं उचलताना तो टिश्यू कचऱ्यात जातो. आम्ही एकदा पावभाजीच्या कागदी प्लेटा एकेक उलगडून, सोसायटीच्या कचऱ्याच्या ड्रमशेजारी उकिडवं बसून तो शोधलाय. आता जेवणाआधीच एक झाकणाची छोटी डबी टेबलावर ठेवते, आणि सकाळी प्रत्येकीला दारातून सोडण्याआधी विचारते: चष्मा, चार्जर, औषध, रिटेनर. पाचही जणींनी चारही गोष्टींना हो म्हटलं की मगच पिशवी बाहेर.